पोचपावतीवरची सही

१२ जानेवारी

वन्सं म्हणावं तर आपण एकमेकींशी कधी बोललो नाही. ताई म्हणावं तर तेवढा हक्क नाही. तरी ताई म्हणते. पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण मी सातवीत शाळा सोडली, आता आठवत नाही. मी तुमची भावजय. लग्नाला तुम्ही आला नव्हता. तुमचा एक फोटो आमच्या पेटीत तळाला आहे, अंथरलेल्या पेपरच्या खाली. त्यात डाव्या भुवईच्या वर एक पांढरी रेघ दिसते.

तेवढंच विचारायचं होतं. ती रेघ कशाची?

ह्यांना विचारलं तर म्हणाले, लहानपणी जिन्यावरून पडली. सासूबाई होत्या तेव्हा त्यांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, नळावर घसरली. म्हटलं, जिची रेघ तिलाच विचारावं.

आमचं सगळं ठीक आहे. मुलगी झाली, नऊ महिन्यांची आहे. सगळे मुंगी म्हणतात, कारण जमिनीवर दिसेल ते उचलून तोंडात घालते. हे प्रेसमध्ये प्रूफं तपासतात. मी घरी बाइंडिंगचं काम करते, छापलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, घडी घालून मोडायचे, वह्या शिवायच्या. ह्यांनी कादंबरी लिहिली आहे, प्रकाशकाकडे आहे, उत्तराची वाट बघतायत. वाट बघत असतात तेव्हा फार चांगले असतात. परवा मुंगीला खांद्यावर घेऊन गच्चीवर गेले होते. माझ्या खांद्याला मागे जरा लागलं होतं, मी उंबऱ्याला अडखळले. आता बरं आहे.

हे पत्र लिहिलेलं ह्यांना माहीत नाही. पोस्टमन अकराला येतो, तेव्हा घरात मी एकटीच असते.

तुमची भावजय


२९ जानेवारी

ताई,

पाकीट परत आलं. न उघडता. वर लाल शाईनं ‘घेण्यास नकार’.

पोस्टमन म्हणाला, "काय वहिनी, आता तुमचंपण परत यायला लागलं? इतके दिवस साहेबांचंच यायचं." मला हसू आलं. म्हटलं चला, एका घरात दोन लेखक झाले.

पण ताई, खरं सांगते, पाकीट हातात घेतलं आणि कान गरम झाले. तोंडावर दार आपटल्यासारखं झालं. मी एवढं जपून लिहिलं, दोन कागद वाया घालवले, आणि तुम्ही बघितलंसुद्धा नाही. काहीतरी उचलून फेकावं असं वाटलं. वाटी होती हातात. म्हटलं, ह्यांना असंच होत असेल काय? तेवढ्यात मुंगी रडायला लागली. तिला पाजलं. ती झोपली, मग दुसरा कागद घेतला.

पाकिटावर ह्या घराचा पत्ता बघूनच तुम्ही परत लावलंत, असं मला वाटतं. म्हणून ह्या वेळी मागे बाइंडरकाकांचा पत्ता घातलाय. काका माझे कुणी लागत नाहीत, ज्यांच्याकडून मी काम आणते ते. सत्तरीचे आहेत, एका डोळ्यानं कमी दिसतं, पण फर्मा उलटा मोडला तर लांबूनच ओरडतात. त्यांना पत्ता वापरू का विचारलं, तर म्हणाले, "भावजय नणंदेला पत्र लिहितेय? जगबुडी आली म्हणायची."

पहिलं पाकीटही ह्यात घातलंय, जसं परत आलं तसं. वाचलंत तर एक दुरुस्ती करून वाचा. आमच्या घराला उंबरा नाही. फरशी सरळ बाहेरच्या बोळात जाते.

तुमची भावजय


११ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर काकांनी फर्म्यांच्या गठ्ठ्यात घालून पाठवलं. दोनच ओळी. ‘तो समोर बसून लिहून घेतोय का? खरं लिहायचं असेल तर लिही, नाहीतर लिहू नकोस.’

समोर नाहीत. प्रेसमध्ये आहेत. खरं लिहिते.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत कादंबरी पहिल्यांदा परत आली. छापील कागद होता, नाव तेवढं हातानं घातलेलं. त्या दिवशी ह्यांनी भांडी फेकली. भांडी स्टीलची, फुटेनात, त्याचा जास्त राग आला. मग आरसा फोडला. काचा मी गोळा केल्या. तेव्हा मला वाटलं, माणूस मेहनत करतो, राग येणारच. शेजारीण म्हणाली, "आरसाच फोडला ना? माझा तर टीव्ही फोडतो, तेही क्रिकेटसाठी."

दुसऱ्यांदा परत आली तेव्हा आत संपादकबाईंनी स्वतः लिहिलेलं पत्र होतं. चांगलं पत्र होतं ताई. भाषा स्वच्छ आहे म्हणाल्या. पण खाली लिहिलं होतं की कादंबरीतला नवरा बायकोला मारतो ते प्रसंग खोटे वाटतात. ती बाई मार खाताना पुतळ्यासारखी उभी असते. लेखकानं हे जवळून बघितलेलं दिसत नाही.

ह्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. फेकाफेक नाही, काही नाही. मला बरं वाटलं. मी चहा टाकायला उठले तर हे म्हणाले, "तिथे दाराशी उभी राहा जरा."

उभी राहिले. छातीवर हात ठेवून ढकललं, हळूच. म्हणाले, "असं नाही. तू आधीच तयार होतेस. कळायच्या आत झालं पाहिजे." मी हसले, म्हटलं, काय चाललंय तुमचं. आणि स्टोव्हकडे वळले, तेव्हा मागून आलं. खांदा ओट्याच्या कडेवर बसला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. हे खाली बसले, वही उघडली, पेनाचं टोपण दातात. "आधी हात टेकला की खांदा?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आठव."

नाही आठवत म्हटलं. तर म्हणाले, "मग परत बघू."

असे तीन रविवार झाले. गळा धरला की आवाज कसा निघतो. थोबाडीत बसल्यावर कान किती वेळ वाजतो, घड्याळ लावून. केस धरून ओढलं तर माणूस केस सोडवतो की मान वाचवतो. मुंगी पोटात होती, चौथा महिना. पोटाला मात्र लागू दिलं नाही त्यांनी. पोटाला नाही लागू दिलं, हेही खरं आहे म्हणून लिहिते.

मग सहा महिने बसून सगळं परत लिहून काढलं. अक्षर मोत्यासारखं. पाठवलं. गेल्या ऑक्टोबरात तिसऱ्यांदा परत आलं. रजिस्टरनं. हे प्रेसमध्ये होते, पोचपावतीवर मी सही केली. मुंगी सहा महिन्यांची होती, मांडीवर होती, सहीवरच लाळ पडली.

पाकीट मी उघडलं. मला वाचता येतं, सावकाश. संपादकबाईंनी लिहिलं होतं, अभिनंदन, मारहाणीचे प्रसंग आता अंगावर येतात. पण शेवट पटत नाही. एवढं सगळं होऊन ती बाई माफ करते आणि दोघं परत संसार करतात, अशा घरात शेवट इतका गोड होत नाही. शेवटावर पुन्हा काम करावं, मग विचार करू.

ताई, तुमचा भाऊ दुरुस्ती कशी करतो ते मला माहीत आहे. शेवटाची दुरुस्ती कशी करेल?

म्हणून मी पाकीट लपवलं. कुठे लपवणार? दोन खोल्यांचं घर, आणि ह्यांची नजर प्रूफं वाचणाऱ्याची, जिरं सांडलं तरी दिसतं. मोठ्या वह्यांच्या पुठ्ठ्याला जाडी यावी म्हणून आतून रद्दी चिकटवतात. दोन आठवड्यांत सगळी पानं तशी चिकटवून टाकली, खळ लावून, एकावर एक. तीनशे बारा पानं. हजेरीच्या वह्या होत्या त्या, कुठल्या तरी शाळेला गेल्या. काकांनी एक पान बघितलं आणि अक्षर ओळखलं. मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडतेस काय? छापली नाही तर नाही, पक्की बांधून तर निघाली."

ह्यांच्याकडे दुसरी प्रत असेल असं मला वाटलं.

तेव्हापासून हे वाट बघतायत. उत्तर आलं नाही म्हणजे तिथे विचार चाललाय, असं सगळ्यांना सांगतात. चार महिने हात उगारला नाही. मुंगीला दोन दात आले. ह्यांनीच आधी बघितले.

तुमची भावजय


२४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं दुसरं पत्र मिळालं. इस्त्री होती तर.

सोळा वर्षांच्या पोरानं बहिणीला कविता वाचून दाखवायची, ती हसली म्हणून गरम इस्त्री फेकायची, आणि आईनं तेव्हा म्हणायचं जिन्यावरून पडली, मला मात्र नळ सांगायचा. तुम्ही लिहिलंय, ‘मीपण जिनाच सांगितला सगळ्यांना. पंधरा वर्षं जिना सांगत होते.’ ते मी चारदा वाचलं. मग माझा उंबरा आठवला.

पिशवी भरून ठेव म्हणता. कुठे ठेवू? आणि भरली तरी निघू कशी? बाहेर काय आहे मला माहीत नाही ताई, आत काय आहे ते तरी माहीत आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि हे आत्ता चांगले आहेत. असं मी परवापर्यंत म्हणत होते.

रविवारी ह्यांनी प्रेसमधली प्रूफं घरी आणली होती. जमिनीवर पसरून तपासत होते. मुंगी रांगत गेली आणि त्या कागदांवरच शू केली. मी तिला उचलायला उठले. पण हे हसले. तिला उचललं, मांडीवर उताणी घेतली, झबलं वर केलं आणि लाल पेनानं तिच्या पोटावर एक रेघ आणि तिच्या टोकाला वेटोळं काढलं. मुंगी खिदळत होती, पेनाच्या गुदगुल्या होत होत्या.

म्हणाले, "ही जास्तीची आहे."

ती खूण मला कळते. मी फर्मे मोडते, प्रूफांचे गठ्ठे बघते. त्या खुणेचा अर्थ, काढून टाका.

हे परत खाली वाकून कामाला लागले. मी मुंगीला मोरीत नेलं. साबण लावला. लाल शाई लवकर जात नाही. घासून घासून पोट लाल झालं, मग शाई कुठली आणि कातडी कुठली तेच कळेना. ती रडत होती आणि बाहेरून हे विचारत होते, "काय करतेस गं तिला?"

आणि काल म्हणाले, किती वाट बघायची, सोमवारी रजा टाकून स्वतःच जातो प्रकाशकाकडे. खूश आहेत. नवा शर्ट काढलाय. "कडक इस्त्री कर," म्हणाले. इस्त्री हातात घेतली आणि हात थांबला माझा. "जळेल ना शर्ट," ओरडले.

सोमवारी तिथे पोचपावती निघेल. त्यावर माझी सही आहे. काय करू ते लवकर कळवा. नाहीतर मीच आता सांगून टाकू का? सांगितलं तर शेवटाचंही सांगावं लागेल.

मुंगीची आई


४ मार्च

ताई, हे पत्र मी सांगतेय आणि काका लिहून घेतायत. माझा उजवा हात बांधलेला आहे. तुमचं उत्तर सोमवारी दुपारी आलं, मी इथे पोचल्यावर तासाभरानं. ‘सांगू नकोस, निघ,’ एवढंच होतं. निघाले होतेच.

काका म्हणतात क्रमानं सांग. क्रमानं सांगते.

सोमवारी हे सकाळी गेले आणि साडेबाराला परत आले. मी जमिनीवर बसून वही शिवत होते, हातात दाभण. मुंगी कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांत बसली होती. दार लोटून आत आले, मागे कडी लावली, बूट काढले, जागेवर ठेवले. शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. खिशातून पोचपावती काढून माझ्यासमोर फरशीवर ठेवली.

"ही सही कुणाची?"

मी म्हटलं, माझी.

"प्रत कुठे आहे?"

मी म्हटलं, हजेरीच्या वह्यांच्या पुठ्ठ्यात.

आधी हसला. खरंच हसला ताई, मोठ्यानं, मुंगीपण त्याच्याकडे बघून हसली. म्हणाला, "बाईंनी तोंडी सांगितलं सगळं. शेवट बदला म्हणाल्या." मग माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि ओढत शिकंज्यापाशी नेलं. शिकंजा म्हणजे वह्या दाबायचा, वर फिरवायची मूठ असते तो. काका म्हणतात ते तिला कळेल, पुढे सांग.

माझा उजवा हात त्यात घातला. "ह्याच हातानं सही केलीस ना?" आणि मूठ फिरवली. पहिल्या फेऱ्याला नुसतं दाबलं. दुसऱ्याला मी ओरडले. तिसऱ्याला आतून आवाज आला, वाळकी काटकी मोडल्यासारखा, दोनदा. मग मला माझाच आवाज ऐकू येईना. तो वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. बघत होता म्हणजे रागानं नाही. वहीसाठी बघायचा तसं.

मुंगी किंचाळायला लागली. तो म्हणाला, "गप." ती गप्प होईना. तिला डाव्या हातानं उचललं, छातीशी दाबलं, आणि उजवा पंजा तिच्या तोंडावर ठेवला. तोंडावर आणि नाकावर. त्याचा पंजा मोठा आहे. तिचे फक्त डोळे दिसत होते. पाय झाडत होती. मग पाय कमी झाडायला लागली.

माझा हात शिकंज्यात. दाभण खाली पडलं होतं. पायानं ओढलं, डाव्या हातात घेतलं. तो दोन पावलांवर होता, माझ्याकडे पाठ नव्हती, बघत होता, पण मी असं काही करीन हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. अंग ताणलं त्यात बोटं अजून मोडली असतील. त्याच्या मनगटाच्या वर दाभण घातलं. घुसलं आणि मी तसंच खाली ओढलं, जसं पुठ्ठा उसवताना ओढते. मुंगीचा गाल तिथून चार बोटांवर होता. मोजून नाही मारलं मी. चुकलं असतं तर. काका, हे लिहा. चुकलं असतं तर.

(लिहिलं. — काका)

पंजा सुटला. मुंगी पट्ट्यांत पडली. क्षणभर आवाजच नाही, मग एकदम तिनं श्वास ओढला. रक्त फरशीवरून सरळ बोळात गेलं, उंबरा नाही ना. तो स्वतःच्या हाताकडे बघत खाली बसला. म्हणाला, "माझा लिहायचा हात." तेच परत परत म्हणत होता. मी मूठ उलटी फिरवून हात सोडवला, मुंगीला उचललं, कडी काढली आणि काकांकडे चालत आले. अनवाणी. चपला तिथेच राहिल्या.

माझी तीन बोटं मोडली. मुंगीला काही झालं नाही, फक्त कुणी मोठं माणूस जवळ आलं की तोंड झाकते. पोलीस मला धरतील अशी भीती वाटते. काकांनी चौकशी केली. त्यानं डॉक्टरला सांगितलंय की घरी पुठ्ठा कापताना सुरी लागली. बायकोनं मारलं सांगायला लाज वाटली असेल. काका म्हणतात, लाजेनं का होईना, पहिल्यांदा उपयोगाचं खोटं बोलला.


११ मार्च

ताई,

हे मी डाव्या हातानं लिहितेय. अक्षर बघून हसाल. दोन दिवस लागले.

तुम्ही लिहिलंत ये म्हणून. मी लगेच येणार होते, पण मुंगीचं लसीचं कार्ड घरात होतं आणि तिचे कपडे. परवा दुपारी गेले. मुंगी काकांकडे, काका बोळाच्या तोंडाशी उभे, हातात पुठ्ठा कापायची सुरी. "मी आंधळा, पण सुरीला दिसतं," म्हणाले. मला वाटलं तो दवाखान्यात असेल. घरी होता.

हात गळ्यात बांधलेला. दाढी केलेली, शेजाऱ्यांनी करून दिली म्हणे. प्रेसमधले दोघं-तिघं येऊन बसले होते, ते माझ्यासमोरच उठले. जाताना एक म्हणाला, "वहिनी, फार वाईट झालं. एवढी कादंबरी हाताशी आली होती आणि नेमका हातच." डॉक्टरांनी सांगितलंय, शीर जुळली पण पेन धरायला वर्ष तरी लागेल, कदाचित धरताच येणार नाही. हा मान हलवत होता. ताई, मी इतकी वर्षं बघितलंय त्याला, असा शांत कधी बघितला नव्हता. कुणी नाकारली म्हणून नाही, हात गेला म्हणून कादंबरी राहिली. आता त्याला कुणी काही परत पाठवणार नाही.

ते गेले. मी पेटी उघडून कपडे काढायला लागले. तो म्हणाला, "बस."

मी नाही बसले.

"झालं ते झालं. तूच घालवलीस, आता तूच लिहून काढ. मी सांगतो, तू लिही." आणि वही पुढे सरकवली. माझा उजवा हात फळीला बांधलेला आहे, बोटं जांभळी. त्याच्या समोर होता तो हात. त्याच्या लक्षातच नव्हतं.

मी कार्ड शोधत होते. तो मागून म्हणाला, आवाज एकदम बारीक करून, लहान मुलासारखा, "चिकटवताना वाचलीस?"

मी म्हटलं, वाचली.

"सगळी?"

सगळी.

"कशी वाटली?"

ताई, पानं चिकटवल्याचं लिहिलं होतं त्या पत्रात मी एक खोटं लिहिलंय. दुसरी प्रत असेल असं मला वाटलं, हे खोटं. मला माहीत होतं. दुरुस्ती पक्की झाली की जुने कागद फाडून टाकायचे, ही त्याची प्रेसमधली सवय, नाहीतर चुकीचं छापलं जातं म्हणतो. जुने कागद माझ्यासमोर फाडले होते त्यानं. एकच प्रत होती आणि मी ती चिकटवली. भीतीनं चिकटवली, पण खळ लावताना मधूनमधून बरं वाटत होतं. तुम्ही खरं लिही म्हणालात म्हणून हेही लिहिलं.

तर, कशी वाटली, असं त्यानं विचारलं. मी कार्ड पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेले, चपला घातल्या. मग सांगितलं.

म्हटलं, "ती बाई शेवटी परत येते, ते पटत नाही."

डाव्या हातानं तांब्या फेकला. नेम नाही त्या हाताला. भिंतीला लागला, पाणी अंगावर आलं. मी बाहेरून कडी घातली. तो आतून ओरडत होता, "तुला काय कळतं? सातवी नापास!" सातवी पास आहे मी ताई, आठवीला गेले नाही एवढंच. पण तिथे उभी राहून सांगत बसले नाही. कडी शेजारणीनं काढली असेल.

हे पाकीट आज पेटीत पडेल आणि उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी निघतोय. कोण आधी पोचेल माहीत नाही. माझ्याकडे दोन पिशव्या आहेत, एक मूल आहे आणि एक हात आहे. घर कसं ओळखायचं ते काकांनी तुमच्या पत्रावरून कागदावर काढून दिलंय.

तुम्ही ये म्हणालात, पण घरातलं माणूस दारात आलं की मन फिरतं, मला माहीत आहे. मी त्याच घरातून येतेय, आणि मुंगीची जिवणी त्याच्यासारखी आहे, आधीच सांगते. दार उघडावंसं वाटलं नाही तर नका उघडू. मी ओरडणार नाही, काही फेकणार नाही. पायरीवर बसेन, मुंगीला पाजेन, ती झोपली की परत कडी वाजवीन.

मुंगीची आई